पडद्याविना तीन शब्द

पहिला तडाखा हिलारियोच्या तोंडावर बसला आणि म्हाताऱ्याच्या हातातला भाताचा टोप चुलीत उलटला. सकाळचे साडेसात वाजले होते. उसाच्या मळ्याच्या फाटकासमोर चौदा दिवसांपूर्वी उभारलेल्या नारळाच्या झापांच्या खोपटात त्या वेळी दोघेच होते: राखणीला बसलेला हिलारियो, आणि संपकऱ्यांचा फोन सांभाळणारी डेल्फिना. बाकीचे तांदूळ आणि सुकी मासळी आणायला गावी गेले होते; ते ट्रकने परतायचे होते. मालकाच्या पहारेकऱ्यांनी नेमकी तीच वेळ साधली.

"नोंग, उठू नका!" डेल्फिना ओरडली; गावात थोरल्या पुरुषांना नोंग म्हणतात.

म्हातारा उठला. बंदुकीचा दस्ता या वेळी कानशिलावर आला. रक्ताबरोबर दोन दात राखेत पडले आणि राखेने ते हलकेच पोटात घेतले. त्यानंतर हिलारियो उठला नाही.

पहारेकरी पाच होते. सैन्य सोडून दहा वर्षे लोटली तरी त्यांच्या म्होरक्याला सारे सार्जंटच म्हणत. त्याने डेल्फिनाच्या कमरेला खोचलेला फोन ओढून काढला आणि मागे उभ्या असलेल्या आंबोकडे फेकला.

"वाच रे. मला ही मुंग्यांची रांग दिसत नाही."

आंबो तिच्याच गावचा. शाळेत तिच्या मागे दोन बाक सोडून बसणारा. त्याने तिच्याकडे पाहण्याचे टाळले, फोनचे झाकण उघडले आणि कोरड्या आवाजात वाचले, "'आठला निघतो. सोळा जण आहोत. जुन्या पुलावरून येतो.' रोडेल्योचा आहे, सर. हिचा नवरा. ट्रक तोच चालवतो."

"सोळा!" सार्जंट हसला. "बायकोला हिशेब चोख देतो की! चला रे, पुलावर जावईबापूंचं स्वागत करू."

मग त्याने फोन दोन्ही हातांत धरला आणि पुस्तकाचा कणा मोडावा तसा उलटा दुमडला. बिजागरी काड्‌कन तुटली. पडद्याचे झाकण एका चपट्या तारेवर लोंबू लागले.

"घे. मेलं तुझं पाखरू."

ते तुकडे तिच्या पायांशी पडले. तिने हात पुढे केला आणि त्याच क्षणी त्याचा बूट तिच्या उजव्या हातावर आला. टाच सावकाश फिरली. अंगठ्याचा सांधा निखळल्याचे तिला दुखण्याआधी ऐकू आले.

कुणीतरी चुलीतले जळते लाकूड उचलून छपराला लावले. झापा वाळलेल्या होत्या. आग एखाद्या आनंदाच्या बातमीसारखी पसरली. धुराने सर्वांना क्षणभर आंधळे केले. डेल्फिनाने डाव्या हाताने फोन उचलला, मागच्या भिंतीची चटई डोक्याने ढकलली आणि ती उसात शिरली. गोळी तिच्या डोक्यावरून गेली व उसाचे शेंडे छाटून गेली.

"आंबो, आण तिला!"

"फोन घेऊन गेली, सर."

"मढं घेऊन गेलीय. मढं राहू दे तिच्याकडे. तिला आण."

हिलारियो आत होता. तो ओरडला नाही. म्हणजे आधीच गेला असेल, असे ती धावताना स्वतःला सांगत राहिली. उसाची पाने तिचे गाल आणि दंड कापत होती. अखेर दोन सऱ्यांमधल्या पाचोळ्यात ती पालथी पडली आणि तोंडात सदऱ्याच्या टोकाचा बोळा कोंबून श्वास आवरू लागली. मागे कुठेतरी आंबोचा कोयता ऊस बाजूला सारत होता: खसक, मग शांतता, मग पुन्हा खसक.

फोन छातीशी होता. पडदा काळा, तडकलेला. पण कळांच्या खाली, पाचोळ्याच्या सावलीत, तो क्षीण निळसर उजेड अजून जळत होता. सार्जंटच्या लेखी फोन म्हणजे त्याचा पडदा, कारण त्याला तेवढाच दिसत होता. डेल्फिनाने मात्र वर्षानुवर्षे बोलताना, भात ढवळताना, बसच्या गर्दीत पिशवीत हात घालून निरोप लिहिले होते. तिच्या अंगठ्याला डोळ्यांची गरज कधी पडलीच नव्हती. फक्त तो अंगठा उजवा होता, आणि आता तो सुजून जांभळा झाला होता.

तिने डावा अंगठा कळांवर टेकवला. पाचाच्या कळेवरचा बारीक उंचवटा सापडला. तिथून सारी दिशा कळते. मधली कळ, पुन्हा मधली कळ, खाली एकदा, पुन्हा मधली: एवढे केले की कोरे पान उघडते. उघडले असेलच, असे मानून पुढे जायचे.

तीन शब्द पुरे होते. नको. पूल. बंदूक.

'इंदी.' चारवर तीनदा, सहावर दोनदा, तीनवर एकदा, चारवर पुन्हा तीनदा. शून्य. शब्द स्वतःहून ओळखणारी सोय तिने केव्हाच बंद केली होती. त्या सोयीला त्यांच्या बोलीतले दोन शब्दही धड येत नसत. 'तायताय', म्हणजे पूल. आठवर एकदा, दोनवर एकदा, नऊवर तीनदा. मग सगळे पुन्हा एकदा. हा शब्द तिला नेहमीच चालीवर म्हणावासा वाटे. आज ती फक्त आकडे मोजत होती. शून्य. 'पुसिल.' सातवर एकदा, आठवर दोनदा, सातवर चारदा...

खसक.

ती थांबली. कोयता शेजारच्या सरीत होता. आंबोच्या घामाचा आणि तंबाखूचा वास तिच्यापर्यंत आला.

"इंदाय," तो हळू म्हणाला, गावात थोरले धाकट्या मुलींना म्हणतात तसे. "निघ बाहेर. मी मारणार नाही. सार्जंटला सापडलीस तर तुझं तूच बघ."

ती हलली नाही. पावले थोडी पुढे गेली. तिने चारवर तीनदा, पाचवर तीनदा दाबले. मग मधली कळ आणि रोडेल्योचे अकरा आकडे; ते तिला स्वतःच्या जन्मतारखेइतके पाठ होते. शेवटची कळ दाबण्यापूर्वी तिने हात उंच केला, कारण उसाच्या बुडाशी संपर्क मिळत नसे, आणि त्या उंचावलेल्या हातानेच निरोप सोडून दिला.

आता फोनमागची बॅटरी काढली असती तर ती कदाचित वाचली असती. हे तिला स्वच्छ कळत होते. निरोप मिळाला की रोडेल्यो उलट निरोप लिहीत बसणार नव्हता. तो करणार होता जे सगळा देश करतो: एकदा वाजवायचे आणि कापायचे. एक घंटी म्हणजे कळले. अशा घंटीला पैसे पडत नाहीत. आवाज बंद करायची वाट मात्र पाच पायऱ्या खोल होती आणि ती वाट तिच्या अंगठ्याने कधीच तुडवलेली नव्हती.

पण बॅटरी काढली तर कळणार कसे? एक कळ एकदा जास्त दाबली गेली असेल, निरोप भलत्याच माणसाकडे गेला असेल, गेलाच नसेल. घंटी आली नाही तर तिला रस्त्यावर धावत जाऊन ट्रकसमोर उभे राहावे लागणार होते. तिने फोन सदऱ्यात गुंडाळला, पोटाखाली दाबला आणि वाट पाहू लागली. स्वतःच्या मरणाची वाट माणूस इतक्या आतुरतेने पाहू शकतो, याचे तिला पुसट आश्चर्य वाटले.

घंटी वाजली. एकदा. आणि तुटली.

डेल्फिनाचे डोळे भरून आले. त्याच वेळी ऊस दुभंगला आणि कोयत्याचे पाते तिच्या खांद्यात उतरले.

आंबोने तिला केसांना धरून पुलापर्यंत फरफटत नेले. तिच्या खांद्यातून ओघळणाऱ्या रक्ताची रेघ पांढऱ्या खडीवर पाठोपाठ येत होती. पुलाच्या कठड्याआड तिघे बंदुका रोखून बसले होते. सार्जंट सिगारेट ओढत होता.

"फोन वाजला, सर," आंबो म्हणाला. "मिस्ड कॉल."

"मोडला होता ना मी तो?"

"पडदा मोडलात. कळा शाबूत होत्या."

"मग? वाजला तर वाजला."

"एकदाच वाजला, सर. म्हणजे त्याला कळलं."

सार्जंटला ते समजायला वेळ लागला. समजले तेव्हा त्याने सिगारेट फेकली, तिचा डावा हात कठड्याच्या दगडावर आडवा धरला आणि दस्ता खाली आणला. तिची किंकाळी ओढ्यापलीकडे जाऊन परत आली. त्याने दुसऱ्यांदा दस्ता उचलला. तो पुन्हा त्याच हातावर आला.

ते वाट पाहत राहिले. पाऊण तासाची वाट. नऊ वाजून गेले. एकदा इंजिनाची घरघर आली आणि बंदुकांचे घोडे चढवले गेले; पण ती डुकराची पिल्ले घेऊन चाललेली तीनचाकी होती. चालकाने बंदुका पाहिल्या आणि गाडी जागच्या जागी वळवून तो सुसाट पळाला.

"आता तोही बोंबलत सुटणार," एक पहारेकरी पुटपुटला.

सार्जंटने डेल्फिनाची हनुवटी वर उचलली. "आणखी कुणाकुणाला कळवलंस?"

"सगळ्यांना," ती म्हणाली.

"खोटं बोलते. फुटक्या डबड्यावर?" तो आंबोकडे वळला. "बोल ना रे. जमेल एवढं?"

आंबोने तिच्या हातांकडे पाहिले. तिला उसात किती थोडा वेळ मिळाला, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते.

"शाळेत बाकाखाली, फळ्यावरची नजर न हलवता, ही अख्ख्या वर्गाला निरोप पाठवायची," तो म्हणाला. "जमेल, सर."

त्याने ते भीतीने म्हटले की आणखी कशाने, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते. सार्जंट क्षणभर रिकाम्या रस्त्याकडे पाहत राहिला. मग त्याने तिच्या बरगडीत एक लाथ घातली, शिवी हासडली आणि पाचही जण मळ्याच्या दिशेने निघाले. आधी चालत, पुढे पुढे धावत.

डेल्फिना कुशीवर पडून होती. दोन्ही हात तिच्यासमोर, कुणी दुसऱ्याचेच आणून ठेवावेत तसे, दगडावर होते. मागे खोपटाचा धूर अजून वर चढत होता. तिने मान वळवली नाही. समोरचा रस्ता वळणापर्यंत उन्हात लख्ख पसरला होता आणि त्यावरून कुणीही येत नव्हते. डोळे मिटू नयेत म्हणून ओठ दातांखाली धरून ती ते पाहत राहिली.