मेजर बसायला तयार झाले

फौजेत ते साधे शिपाई म्हणून गेले आणि साधे शिपाई म्हणूनच परतले. मेजर त्यांना गावाने केलं, तेही फुकटात. परतल्यावर त्यांनी खुर्च्यांचं दुकान काढलं, लग्न केलं, मुलीला वाढवलं, बायकोला शेवटचा निरोप दिला आणि बघता बघता नव्वदीच्या दाराशी येऊन उभे राहिले. उभेच. कारण मेजर बसत नसत.

चहा उभ्याने, पेपर उभ्याने, जेवण ओट्याला टेकून. बायको असताना म्हणायची, "अहो, पाहुण्यांसमोर तरी बसा. त्यांना वाटतं, तुम्ही दार लावायला थांबलाय." पाहुणे लवकर जात, हे खरं होतं.

दुकानातही तीच तऱ्हा. नवी खुर्ची आली की मेजर ती उलटी करत, सांधे दाबून बघत, एका पायावर तोलून गरकन फिरवत; पण बसत नसत. त्यांच्या मते बसलेला माणूस खुर्चीची बाजू घ्यायला लागतो. बसायचं ते गिऱ्हाइकाने. मेजर मागून त्याची पाठ बघत, दुकानभर येरझाऱ्या घालत आणि मग कुठली न्यायची ते सांगत.

यंदा गुडघ्याने संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, "आता बसा. नाहीतर कायमचे आडवे व्हाल."

दुकानाचा कारभार आता मुलीकडे होता. त्याच संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, उद्यापासून दुकानात बसायचं. उभे दिसलात तर शटर खाली. मोबाइलवाला जागा मागतोच आहे."

"त्याला देणार? माझं दुकान?"

"तुमचा पाय जायची वाट बघू का मग?"

मेजर खिडकीपर्यंत जाऊन आले. पुन्हा गेले, पुन्हा आले.

"आमच्या तुकडीतले जे दमून बर्फात बसले ना, ते उठलेच नाहीत," ते म्हणाले.

मुलगी हलकेच म्हणाली, "बाबा, इथे बर्फ नाही हो. पंखा आहे."

"मला माहितीये गं. पायांना कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी मेजर बसले. दाराजवळच्या हातांच्या खुर्चीत, पाठ ताठ, टाचा जुळवलेल्या, आत्ता कोणीतरी हाक मारेल अशा तयारीत. समोरचा शिंपी दुकान सोडून बघायला आला.

"मेजर, बरं वाटत नाही का?"

"बसलोय."

"ते दिसतंय. म्हणून तर विचारलं."

तेवढ्यात बँकेतली कारकून बाई आली. इकडेतिकडे न बघता म्हणाली, "मला ही द्या. आजोबा बसलेत ती."

"अगदी अशीच आत आहे," मुलगी घाईने म्हणाली.

"नको, हीच. पाठ बघा ना यांची, किती सरळ!"

पाठ खुर्चीच्या आधीपासूनची होती, पण गिऱ्हाइकाशी वाद घालणं मेजरांच्या तत्त्वात बसत नव्हतं. ते ताडकन उठले. "न्या. डावा हात सैल आहे, आवळून देतो." मग ते शेजारच्या खुर्चीत बसले. ती शिंप्याने नेली. जन्मभर जो कुठल्याच खुर्चीत बसला नाही, तो जिच्यात बसतोय तिच्यात काहीतरी असणारच, असा गावाने हिशेब केला. दुकान असं कधी चाललं नव्हतं, आणि मेजर इतक्या वेळा कधी उठले नव्हते.

"बाबा, मुद्दाम करताय तुम्ही!"

"मी? मी तर बसायलाच बघतोय."

गुडघा टम्म फुगला. मुलीने हातपाय झिजलेली जुनाट खुर्ची शोधून त्यांना तिच्यात बसवलं आणि खुर्चीच्या पाठीला पाटी अडकवली : विकायची नाही.

संध्याकाळी डॉक्टर आले. मेजरांना बसलेलं बघून खूष झाले. मग खुर्चीभोवती एक चक्कर मारून, स्वतःच्या कमरेवर हात ठेवून म्हणाले, "नाही म्हणू नका. अशीच शोधत होतो."

"पाटी वाचलीत ना?" मुलगी म्हणाली.

"विकायची नाही म्हणजे चांगली असणार!"

तिने काही बोलायच्या आत मेजर उठले होते. खुर्चीचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं डॉक्टरांना धरायला लावलं आणि लंगडत गाडीपर्यंत गेले. तिथे डॉक्टरांचं लक्ष गुडघ्याकडे गेलं.

"मेजर! मी तुम्हाला बसायला सांगितलं होतं ना?"

"कशावर?" मेजरांनी विचारलं.

आत मोबाइलवाल्याचा फोन वाजत होता. मुलीने बापाच्या चालीकडे बघितलं, दाराजवळच्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि फोन कापला.

"तिथेच थांबा," ती ओरडली, "दुसरी आणते."

मेजर थांबले नाहीत. तीही आपणच निवडायची म्हणून ते आत निघाले होते.