हिरव्या ठिपक्याच्या पाचरी

"पप्पा, प्रेस मशिनला दोन बटणं कशाला असतात हो?"

एवढंच विचारायचं होतं. वक्तृत्वात पहिली आल्यापासून मधुवंतीच्या अंगात वारं भरलं होतं, तेव्हा वर्गातल्या पोरींनी पैज लावली, "माइकसमोर कुणीपण गरजतं गं. घरी विचारून दाखव!" तिची मैत्रीण मैत्री तेवढी हसली नव्हती. चाकणच्या ज्या कंपनीत मधुवंतीचे पप्पा सुपरवायझर, तिथेच मैत्रीच्या वडिलांची, धम्मरत्नकाकांची, पत्रा दाबायच्या प्रेस मशिनखाली चार बोटं गेली होती.

पप्पांनी पोह्यांवर लिंबू पिळलं. "दोन्ही हात बटणांवर असले की आत जात नाहीत. सेफ्टी."

"आणि एक बटण पाचर ठोकून दाबूनच ठेवलं तर?"

आईच्या हातातलं उलथनं थांबलं.

पाचरी! दिवाळीच्या सुट्टीत पप्पांनी पिशवीभर लाकडी पाचरी आणल्या होत्या. मोशीच्या ह्याच घराच्या बाल्कनीत बसून तिने त्या पॉलिश पेपरने घासल्या, वर हौसेने प्रत्येकीवर हिरव्या नेलपॉलिशचा ठिपका! "कंपनीचं काम करते माझी पोरगी," पप्पा शेजाऱ्यांना सांगत होते.

"मी काय कुणाचा हात धरून लावायला लावल्या?" पप्पा म्हणाले. "टेबलावर ठेवल्या. एक हात मोकळा राहिला की पीस जास्त निघतात. ऑर्डर गेली असती तर साठ घरं बसली असती, मधू. धम्मरत्नचंसुद्धा. आणि दवाखान्यात रक्त कुणी दिलं? मीच ना? मला रोज शांत झोप लागते. वाईट माणसाला लागते का?"

"मग 'कामगाराने घरून आणलेली पाचर' असं अपघाताच्या रिपोर्टमध्ये कुणी लिहिलं?"

"वरच्यांनी. मी फक्त सही केली."

"खा गं आधी," आई पुटपुटली. "गार होतंय."

मधुवंतीने मोबाइल पुढे सरकवला. मैत्रीने पाठवलेला फोटो. बटणाच्या फटीत पाचर, पाचरीवर हिरवा ठिपका. पप्पांची नजर फोटोवरून तिच्या हिरव्या नखांवर गेली.

पैज जिंकली होती, पण तिने पोह्यांची बशी बाजूला सारली. रिपोर्ट तसाच राहिला तर चूक काकांचीच ठरणार, नोकरीही जाणार.

"उद्या कंपनीत चौकशीला सरकारी साहेब येणारेत," ती म्हणाली. आवाज स्टेजवरचा नव्हता, चिरकत होता. "मी शाळेत जाणार नाही. नेलपॉलिशची बाटली घेऊन मैत्रीबरोबर त्यांच्यासमोर जाणार. पाचरी मी घासल्या, हे सांगणार. कुणी आणून दिल्या, तेही."