एका हातातला मोबाईल

व्हीलचेअरचे ब्रेक दाबून पाहताना दुकान सांभाळणारी आयेशा म्हणाली, "वडिलांना घरी आणलंत त्याच दिवशी फोन करायचात. आम्ही खुर्ची पोचवली असती."

कल्याणीने पर्सची चेन लावली. "नंबर सापडला असता तर केला असता."

"वेबसाईटवर आहे की."

"असेल. मी हॉस्पिटलच्या दारात उभी होते. एका हाताने बाबांना धरलेलं, दुसऱ्या हातात मोबाईल. तुमची वेबसाईट बहुतेक कम्प्युटर बरोबर घेऊन फिरणाऱ्यांसाठी असावी."

पुढचं तिने आवाज न चढवता सांगितलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले वडील रिक्षातून उतरून लिफ्टपर्यंत चालायला निघाले आणि मध्येच त्यांचा तोल गेला. आता मनगटही प्लास्टरमध्ये होतं.

कल्याणी खुर्ची घेऊन गेली. आयेशा थोडा वेळ दारातच उभी राहिली. स्वारगेटच्या चौकातून हॉर्नचा आवाज येत होता. मग ती आत वळली.

रुग्णांसाठी खाटा आणि खुर्च्या भाड्याने देणारं हे दुकान अय्युबभाईंनी उभं केलेलं. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने, शहेजादने, खपून स्वतः वेबसाईट बनवली होती. आयेशाने कल्याणीचं बोलणं सांगितलं, तेव्हा त्याने कम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. वर अब्बांचा मोठा हसरा फोटो, त्याच्या उजवीकडे सोनेरी अक्षरांत नंबर.

"एवढा ठळक तर दिसतोय."

आयेशाने गुंडाळलेली एक गादी त्याच्या डाव्या हाताखाली दिली आणि उजव्या हातात आपला मोबाईल ठेवला.

"आता यावर काढा नंबर."

पडद्यावर अब्बांचा नुसता खांदा आला. शहेजादने अंगठ्याने सरकवलं, तर शेरवानीची बाही आली. पुन्हा सरकवलं, पान उडी मारून भलतीकडे गेलं. गादी निसटू लागली.

"थांब, ही खाली ठेवतो."

"तिला वडिलांना खाली ठेवता येत नव्हतं."

गादी मग शहेजादने खाली ठेवली नाही.

"उघडल्या उघडल्या नंबर दिसायला हवा," आयेशा म्हणाली. "दाबला की फोन लागायला हवा. फोटो तिथून काढावा लागेल."

"फोटो राहील. बाकी काय हवं ते सांग."

"तुम्हाला जमणार नसेल, तर मी दुसऱ्या कुणाकडून करून घेते. पण आजच."

मागच्या बाजूला गाद्यांच्या खोळी शिवणाऱ्या कमरजहांचं मशीन थांबलं. तिने हात पुढे केला, तशी शहेजादने आईला मोबाईल दिला. नवऱ्याच्या खांद्यावर तिने बोट ठेवलं, तर तो सरकला.

"तुझे अब्बा लोकांच्या वाटेत कधी उभे राहिले नाहीत," ती म्हणाली. "बाजूला घे."

आणि तिने मशीन पुन्हा सुरू केलं.

शहेजाद कामाला बसला. तो बदल करायचा, आयेशा मोबाईल घेऊन उन्हात जायची, एका हाताने उघडून बघायची आणि परत यायची. अक्षरं उन्हात दिसत नाहीत. पान उघडायला वेळ लागतोय. बटण अंगठ्याला पुरत नाही. तो एकदा वैतागला, पण उठला नाही. संध्याकाळी ती आत आली ती एकही चूक न काढता, आणि तिने चहा टाकला.

चार-पाच दिवसांनी दुपारी फोन वाजला. पलीकडे कुणी तरुण होता, धापा टाकत बोलत होता. आईला आत्ताच डिस्चार्ज मिळालाय, खुर्ची मिळेल का?

"मिळेल. आमचा नंबर कुठे मिळाला?"

"मोबाईलवर. का?"

"काही नाही, सहज." शहेजादने कोपऱ्यातली खुर्ची ओढली. "कुठे आहात?"

"चौकातल्या हॉस्पिटलच्या गेटपाशी. रिक्षा मिळतेय, तोवर हिला हळूहळू चालवत–"

"चालवू नका," शहेजाद म्हणाला. "तिथेच बसवा त्यांना. मी निघालोय."