न उचलायचा फोन

फुरकानची अम्मी अकोल्यात शेजारणींना सांगायची, लडका अमरावती में दिनभर लायब्ररी में बैठता है. त्यात खोटं फारसं नव्हतं. फक्त या लायब्रऱ्यांना भिंती नव्हत्या अन् पुस्तकंही नव्हती. कुठल्यातरी देशातल्या कुणीतरी लिहून इंटरनेटवर फुकट ठेवलेले प्रोग्रामचे तयार तुकडे. ते हुडकायचे, आत काय आहे ते बघायचं अन् आपल्या कामाला जोडायचे, हा फुरकानचा धंदाही होता अन् व्यसनही. बायका बाजारात भेंडीचं टोक मोडून बघतात, तसा तो लायब्रऱ्या मोडून बघे. एखादी अस्सल निघाली की खुर्चीतून उठे, दारापर्यंत जाई, अन् मग त्याच्या लक्षात येई की सांगायचं कुणाला? बरोबरचे सगळे पुण्याला गेले होते. खाली टायरचं दुकान होतं. तिथं सांगितलं तर चहा पाजतील, याहून जास्त काही होणार नव्हतं.

पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं त्यालाही आलं होतं. दसऱ्यापर्यंत हो-नाही कळवायचं होतं. जायला हरकत नव्हती, पण मनात एक हट्ट धरून बसला होता. आपण केलेली एक तरी वस्तू इथल्या माणसांच्या हातात पडावी अन् त्यांनी त्यावर आपल्याला काहीतरी म्हणावं. चांगलंच म्हणावं असंही नाही.

तशी संधी उत्तमरावांनी आणली. चांदूर रेल्वेकडच्या एका गावात फुलं लावणाऱ्यांचा गट होता, उत्तमराव त्याचे पुढारी. ती वर्षं अशी होती की मुंबईचे पत्रकार गाडी भरून यायचे, कापसाचं विचारायचे, चेहरे पाडून उभे असलेल्यांचे फोटो काढायचे अन् शेजारचा झेंडू ओलांडून परत जायचे. झेंडूला कुणी विचारत नाही, हीच उत्तमरावांना तो बरा चालल्याची मोठी खूण वाटायची. अडचण एकच. फुलं अमरावतीला पाठवायची की अकोल्याला, हे दुपारीच ठरवावं लागे अन् भाव कळे तो माल पोचल्यावर. फुरकान म्हणाला, दोन्हीकडचे अडते मला भाव कळवतील. गटातल्या कुणीही एका नंबरावर मिस कॉल द्यावा, भावाचा मेसेज लगेच येईल. उत्तमरावांनी मान डोलावली नाही, पण नाही असंही म्हटलं नाही. दसऱ्याच्या बाजारापर्यंत चालवून दाखव, लोकांनी धरलं तर वर्षाचं काम तुझं, असा सौदा ठरला.

आता मिस कॉल ही वऱ्हाडात नुसती काटकसर नव्हे, रीत आहे. एकदा वाजवून तोडला म्हणजे सुखरूप पोचलो. दोनदा वाजवला म्हणजे गाडी पाठव. समोरच्यानं तो उचलायचा नसतो. उचलणारा एक तर नवखा, नाहीतर वैरी.

फुरकान या रीतीतच वाढलेला. पण त्यानं जोडलेली लायब्ररी लिहिली होती फिनलंडातल्या एका गृहस्थानं, अन् तिच्यावर संस्कार तिकडचे. घंटा वाजली की ती ताबडतोब फोन उचले, अदबीनं ऐकत राही अन् कुणी बोलत नाहीसं बघून ठेवून देई. फुरकाननं स्वतःच्या फोनवरून तपासलं तेव्हा मेसेज आला, तेवढ्यावरच तो हुरळला. मधे फोन उचलला गेला, हे त्या आनंदात दिसलंच नाही.

पहिल्याच दुपारी गावात बोंब झाली. फोनमधले पैसे कापले गेले ही एक, अन् घरच्या लेकीसुनांचा फोन उचलून गप बसणारा हा बाप्या कोण, ही दुसरी. उत्तमरावांकडून फुरकानचा खासगी नंबर सगळ्यात आधी मिळवला तानुबाईनं. दोन एकर शेवंती अन् झेंडू सांभाळणारी बाई. तिनं नाव-गाव विचारलंच नाही.

"तूच का रे थो, फोन उचलून मुका बसनारा?"

"मी नाई मावशी, मशीन उचलते."

"मशीनले कोनी वळन नाई लावलं का? मिस कॉल उचलतेत का कोनी?"

"चुकलं. आजच दुरुस्त करतो."

"अन् उचललाच होता तं बोलाचं तरी होतं, बाप्पा."

तिच्यामागून देवराव बोलले, पुंजाजी बोलले, गोदाबाईच्या जावयानं तर पोलिसांचंही नाव काढलं. फुरकान प्रत्येकाची माफी मागत गेला. संध्याकाळपर्यंत घसा बसला. अन् मग त्याला नवल वाटलं, कारण जीव मात्र हलका झाला होता. वर्षभरात इतकी माणसं त्याच्याशी बोलली नव्हती.

त्यानं लायब्ररी उघडली. आत त्या गृहस्थानं साफ लिहून ठेवलं होतं की न उचललेला फोन हा फसलेला फोन, तो टाकून द्यावा. फुरकाननं चार ओळी बदलल्या. घंटा वाजू दे, नंबर टिपून घे, फोनला हात लावू नको. मग त्या गृहस्थाला पत्र लिहायला बसला की आमच्याकडे न उचललेला फोनच पुरा झालेला असतो. पत्र वाढतच गेलं. त्यात मावश्या आल्या, गाड्या आल्या, सुखरूप पोचलेली माणसं आली. उत्तर आलं ते दोन ओळींचं. आमच्याकडे कुणी कुणाला फारसे फोन करत नाही, तुमची दुरुस्ती घेतली. फुरकाननं ही बातमी खाली टायरवाल्याला सांगितली. त्यानं चहा पाजला.

नंतर सगळं सुरळीत झालं. दसऱ्याला अकोल्याचा भाव चढा निघाला, गटाचा माल तिकडं गेला, उत्तमरावांनी वर्षाचं काम दिलं अन् फुरकाननं पुण्याला नाही कळवलं. हिशेब मांडला तर जमेच्या बाजूला जागा पुरली नसती. वस्तू लोकांच्या हातात पडली होती. रोज वापरली जात होती. अन् इतकी बिनचूक चालत होती, की तिच्याबद्दल कुणाला काही म्हणायचं उरलं नव्हतं. दुपार झाली की मशीनचा दिवा लुकलुके, घंटा वाजे, तुटे, मेसेज जाई. खोलीत तो बसला आहे की नाही, याच्याशी कुणाचंच काही अडत नव्हतं.

त्यानं मेसेजच्या शेवटी एक ओळ वाढवली: अडचण असल्यास, अन् पुढं आपला खासगी नंबर. चांगल्या कामाची ही पद्धतच असते, असं स्वतःला बजावलं. दोन-चार दिवस कुणालाच अडचण आली नाही. मग एका दुपारी त्याचा फोन एकदा वाजून तुटला. नंबर तानुबाईचा होता. त्यानं लगेच उलटा लावला.

"मेसेज नाई आला का मावशी?"

"आला ना. पन वाचाले सून नाई घरी, माहेरी गेली. मले कुठं अक्षरं येतेत? तू सांग भाव."

त्यानं दोन्ही भाव सांगितले. अकोल्याचा अडत्या फुलं ओली म्हणून नाक मुरडतो, हे तिनं सांगितलं; मुरडू द्या, भाव तर देतो, असं यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा घंटा वाजून तुटली. तिसऱ्या दिवशीही. भावाबरोबर हळूहळू इतर मालही येऊ लागला. शेजारच्या बोअरला पाणी लागलं, उत्तमरावांना पोट सुटलं, अन् तुह्या घरी भाकर कोन करते रे? डबा येतो म्हटल्यावर तिनं त्या डबेवालीलाच न बघता नापास केलं.

मेसेज वाचून दाखवणारी लायब्ररी असते, हे फुरकानला ठाऊक होतं. सवयीनं त्यानं हुडकली. मराठी बोलणारी निघाली, उच्चारही बरे होते. लिहिणाऱ्यानं जीव ओतला होता. जोडायला अर्धा दिवस पुरला असता. गटात अक्षर न येणाऱ्या आणखी बायका असणार, त्या कुणाच्या तरी सुनेची वाट बघत असणार, हेही त्याला कळत होतं. कुठल्याही बाजूनं हिशेब केला तरी ती जोडायलाच हवी होती. त्यानं ते पान बंद केलं.

दुसऱ्या दिवशी भाव सांगून झाल्यावर त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, "सून कधी येते मावशी?"

"दिवाळी करूनच येईन म्हंते. कावून रे?"

"काई नाई," फुरकान म्हणाला, "राहू द्या तिले. घाई काय हाये."