पावलावर झाकलेली टोपली

"अमीनसाहेब येईस्तोवर ही टोपली कुनी उचलायची न्हाई, द्वारकाबाई. तुमी सुदिक न्हाई."

पोलीस पाटील सटवाजींचे हे शब्द अजून माझ्या कांबट्यांत घुमतात. मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. देवाच्या फुलांची नव्हे, शेणाची. वसमतच्या बाजारात एका बुरुडानं मला विणलं. द्वारकाबाईनं मला दोन्ही हातांनी दाबून पाहिलं आणि म्हणाली, "दमाची दिसती." माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक ते.

द्वारकाबाईचा एक नेम होता. पहाटे माझ्यात शेण आणायचं, अंगण सारवायचं, तुळशीला प्रदक्षिणा घालायची, मगच पाण्याचा घोट घ्यायचा. थंडी असो, ताप असो, नेम चुकला नाही. मला वाटे, या घरात माझ्याइतकं सुखी कुणी नाही.

ते निजामाच्या राजवटीतले दिवस होते. एका सकाळी द्वारकाबाई अंगण सारवून, मला तुळशीपाशी ठेवून नदीवर पाण्याला गेली. तिचा नवरा सोनाजी बैल सोडायला वाकला. मागून त्याचा धाकटा भाऊ रामकिशन आला. शेताच्या बांधावरून दोघांचं बोलणं तुटलं होतं. त्याच्या हातात कुऱ्हाड होती. पहिला घाव मानेवर बसला. सोनाजी गुडघ्यावर आला, मागं वळून एवढंच म्हणाला, "तू व्हय?" दुसऱ्या घावानं तोंड उघडंच राहिलं. रक्ताचे थेंब माझ्या काठावर उडाले. पळताना रामकिशनचा उजवा पाय ओल्या सारवणात खोल रुतला आणि उमटला. त्या पायाला करंगळी नव्हती, लहानपणी नांगराच्या फाळानं गेली होती.

मी सगळं पाहिलं. पण टोपलीची साक्ष कोण घेणार?

द्वारकाबाई परतली तेव्हा घागर तिच्या डोक्यावरून पडली. ती नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मग तिची नजर त्या पावलावर गेली आणि तिथंच खिळली. लग्न होऊन आल्यापासून ते पाऊल तिनं याच अंगणात पाहिलं होतं.

सटवाजी पाटील आले. त्यांनी मला उचललं, पावलावर उपडी घातली आणि सुरुवातीचे ते शब्द बोलले. गुन्ह्याची जागा जशीच्या तशी राखायची असते. पुसलेली खूण पुन्हा उमटत नाही.

दुपारी ठाण्यावरून एक जमादार आला. त्यानं प्रेत पाहून कागद केला आणि जाळायला परवानगी दिली. जागेचा पंचनामा ठाण्याचे मोठे अधिकारी, म्हणजे अमीन, येऊन करणार होते. संध्याकाळी बायकांनी द्वारकाबाईच्या बांगड्या फोडल्या.

दुसऱ्या दिवशी अंगण तसंच होतं. रक्त काळं पडलेलं, त्यावर माश्या. शेजारची रुख्मिणीबाई शेण घेऊन आली.

"असं रगताचं आंगन ठिवत्यात व्हय? मी सारवते, तू बस."

"न्हाई. पाटलानं सांगितलंय."

"मंग पानी तरी पे. सुतकात कसला आलाय नेम?"

"सारवल्याबिगर घोट उतरत न्हाई, माय. ऱ्हाऊ दे."

रामकिशनही आला. डोळे लाल, आवाज मऊ. "वैनी, सारवून घ्या. दादाच्या जिवाला शांती कशी मिळंल?"

द्वारकाबाईनं त्याच्या पायांकडं पाहिलं. माझ्याशेजारी येऊन बसली.

तेवढ्यात जमादारानं तांड्यावरच्या रतनसिंगला फरफटत आणलं. रामकिशननंच त्याचं नाव सांगितलं होतं. तांड्याचा माणूस म्हटलं की जमादाराला दुसरा पुरावा लागत नसे. समोरच्या लिंबाला त्याला उलटा बांधला. तळपायांवर बाभळीचा फोक बसू लागला. आधी कातडी फुगली, मग फाटली. त्याची आई पारुबाई जमादाराच्या पायाशी लोळत होती. त्यानं तिला लाथेनं बाजूला सारलं.

"बोल, कुणी मारलं?"

"सायेब, मी काल घरीच व्हतो."

पुन्हा फोक. ओठ फुटला, दात मातीत पडला. शेवटी रतनसिंग पुटपुटला, "मारलं. मीच मारलं. आता थांबा."

मित्रांनो, पोलिसासमोर दिलेली अशी कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. मार थांबावा म्हणून माणूस काहीही कबूल करतो, हे कायदा जाणतो. जमादारही जाणत होता. म्हणून तो माझ्याकडं वळला.

"बाई, उचल टोपली. ह्याचा पाय बराबर बसतो का बघू."

पाय एकदा दाबला की खरी खूण मोडणार, हे तिला कळलं. तिनं मला दोन्ही हातांनी कवटाळलं.

"पंच येऊ द्या, सायेब."

"तुझ्याच नवऱ्याच्या खुन्याला वाचवून राहिलीस?"

फोक तिच्या मनगटावर बसला. फुटायला बांगड्याही उरल्या नव्हत्या. हात सुजला, पण माझ्यावरून हलला नाही.

उन्हं कलताना अमीन आले. गावातले दोघं पंच उभे केले, त्यांच्यासमोर मला उचललं. सारवण वाळून खापरीसारखं कडक झालं होतं. पाऊल स्पष्ट, बोटं चारच. रतनसिंगचे पाय सुजून भोपळे झाले होते, पण बोटं पाचही होती. पाय कुणाचा ते ओळखूनही पंचांनी रामकिशनकडं पाहिलं नाही. त्यानं पाय धोतरात ओढून घेतला. पंचनाम्यावर अंगठे उठले, पाऊल मातीसकट खणून पेटीत गेलं. मग द्वारकाबाईनं सुजल्या हातानं अंगण सारवलं आणि पाणी घेतलं.

तरी रतनसिंग सुटला नाही. जमादारानं लिहून दिलं, की बाई टोपलीवर बसली होती, तिनंच एक बोट पुसलं असेल. म्हणून हिंगोलीच्या कोर्टातून तिला समन्स आलं. टोपली कुणी ठेवली, मध्ये कुणी उचलली का, हे शपथेवर सांगायचं. वकील उलट प्रश्न विचारणार, त्यांनाही उत्तर द्यायचं.

रामकिशननं समन्स वाचून घेतलं आणि तिचे केस धरून तिला भिंतीवर आपटलं. "लेकरू न्हाई, बाळ न्हाई. माझ्या तुकड्यावर जगनार हायेस. तिथं तोंड उघडलं तर दादाच्या वाटंनं जाशील."

त्याच दुपारी पारुबाई परसदारी आली. द्वारकाबाईच्या कपाळावरची खोक पाहून ती उंबऱ्याशीच थबकली.

"माय, माझ्या लेकरासाठी बोल, असं तुला कसं सांगू? पाऊल तुझ्याच घरातलं हाय."

"घर सोनाजीसंगं गेलं, पारुबाई. तुमचं लेकरू फासावर जाऊ देनार न्हाई. पाय कुनाचा हाये, ते मी बोलीन."

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनवणी आहे. कुठं काही विपरीत घडलं, तर घाईनं पुसू नका, धुऊ नका, तुडवू नका. हाताशी जे असेल त्यानं झाका आणि राखा. आणि कुणाच्या अंगातून मारून खरं काढता येतं, असं कधी मानू नका. मी आज गोठ्याच्या कोपऱ्यात मोडून पडले आहे, काठ उसवला आहे, पण त्या अंगणात मी काय राखलं ते विसरले नाही.

तारखेच्या सकाळी द्वारकाबाईनं कपाळावरच्या खोकेवरून पदर घेतला. रामकिशन ओट्यावर बसून कुऱ्हाडीला धार लावत होता. दगडाचा आवाज थांबला. ती पायरी उतरली, त्याच्या समोरून गेली, तिनं फाटक ओढून घेतलं आणि ती हिंगोलीच्या रस्त्याला लागली.