परसातली वांगी

करडी गावच्या अश्वजितनं बारा वर्षं मजुरीनं लोकांच्या धानावर फवारणी केली. त्यात त्याची नजर गेली, तेव्हा बायको रत्नमालानं ठरवलं, आता घरात विषाचा दाणा नको. परसात शेणखत, पालापाचोळा घालून तिनं दोन वर्षांत वांगी, मेथी, टमाटर पिकवले.

वांग्यांना कीड लागल्याचं ती एकदा बोलली. ती बाजाराला गेल्यावर त्यानं चाचपडत जुना पंप काढला आणि गुरांच्या कोठ्यात राहिलेली बाटली किडीचं औषध समजून त्यात ओतून सगळ्या परसात फवारली. बाटली तणनाशकाची होती.

चार दिवसांत सगळं करपलं.

"मले वाटलं, तुले मदत होईल," तो म्हणाला. "माती तरी वाचली ना?"

"वाचली जी," ती खोटंच बोलली. तिचं रडणं त्याला ऐकू जाऊ नये म्हणून ती विहिरीकडे निघून गेली.