नकाशातून पुसलेलं वॉटलफील्ड

मित्रांनो, मी एक जुना मतदारसंघ आहे. वॉटलफील्ड माझं नाव. आता कुठल्याही नकाशात मी सापडणार नाही. सिडनीच्या पश्चिमेला, पेंडल हिलच्या आसपास, माणसांनी कधीकाळी एक रेघ ओढली आणि तिच्या आत जे आलं ते मी झालो. संत्र्यांच्या बागा, कोंबड्यांची खुराडी, एक वीटभट्टी, एक शाळा.

पुष्कळ वर्षं माझ्याकडे एकच पक्ष निवडून येई. निकाल ठरलेला, मग मला विचारतो कोण? शाळेच्या हॉलमध्ये मतदान होई, अंगणात सॉसेज भाजले जात, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत सगळे मला विसरत. पुढे बागा जाऊन घरं आली, लांबलांबची माणसं आली. एकदा मूठभर मतांनी निकाल फिरला आणि काय माझा मान वाढला! स्टेशनला लिफ्ट मिळाली. उमेदवार दारोदार हसत फिरू लागले.

त्याच सुमारास जर्ट्रूडची मुलगी हॅना शाळेत जाऊ लागली. जर्ट्रूड मूळची वसईची, वेस्टमीडच्या हॉस्पिटलात नर्स. घर आणि शाळा यांच्यामध्ये एक रुंद रस्ता, त्यावर सिग्नल नाही. भांडी घासतानाही तिचा कान त्या रस्त्याकडे असे. कुठे ब्रेक करकरला, की हातातली ताटली तशीच राही.

सिग्नल मिळेलसं वाटत होतं, तेवढ्यात वस्ती वाढली म्हणून रेघा नव्याने आखल्या गेल्या. मी बरोबर त्या रस्त्यावर दुभंगलो. घर एका मतदारसंघात, शाळा दुसऱ्यात. जर्ट्रूड फोन करी, तर एक ऑफिस म्हणे, "शाळा आमच्याकडे येत नाही." दुसरं म्हणे, "तुम्ही आमच्या मतदार नाही."

शेवटी तिच्या घराच्या मतदारसंघातल्या एका उमेदवार बाईंनी सिग्नलचा शब्द दिला. लढत अटीतटीची होती. मतदानाच्या शनिवारी शिफ्ट संपवून जर्ट्रूड धावतपळत आली. सासरे कॅसिमिर आणि हॅना बरोबर. पाय सवयीने शाळेच्या हॉलकडेच वळले. दार बंद व्हायला थोडाच वेळ होता.

टेबलामागच्या बाईंनी यादी पाहिली. "सॉरी लव्ह, यू आर नॉट ऑन धिस वन."

"उडवलं नाव!" कॅसिमिर म्हणाले. "गावाला असंच नाय का व्हायचं? यादीत नाव नाय, तर वोट नाय. चल बाय, घरी."

"पण पप्पा, मी पत्ता दिला होता..."

"आता कोणाशी भांडणार तू?"

जर्ट्रूडचा चेहरा उतरला. ती वळली. मागून बाई काहीतरी सांगत होत्या. रांगेच्या गलक्यात ते विरलं. मला ओरडावंसं वाटलं, पण पुसलेल्या रेघेला गळा कुठला!

हॅनाच्या हातात सॉसेज होता, बोटं तेलकट. रस्त्याच्या कडेला आईच्या मुठीतून तिचा हात निसटला आणि ती खाली उतरली. विटांनी भरलेला ट्रक आला. जर्ट्रूडने तिला फ्रॉकला धरून मागे खेचलं. हॉर्न लांबपर्यंत वाजत गेला.

"ममा, माय सॉसेज!" हॅना रडू लागली.

जर्ट्रूडने हॉलकडे पाहिलं. "पप्पा, हिला धरा. दोन्ही हातांनी."

"अगं, पण नाव..."

"का नाही, ते मला विचारू द्या."

ती धावली. त्या बाई दारातच उभ्या होत्या. "डार्लिंग, आय वॉज कॉलिंग यू!" नाव होतं, फक्त शेजारच्या मतदारसंघात. तिथली मतपत्रिका इथेही मिळत होती. भरून पाकिटात घालायची, की झालं. जर्ट्रूडने पेटीत पाकीट सोडलं आणि तिच्या मागे दार लागलं.

अशी बाहेरची मतं उशिरा मोजली जातात. सिग्नल येईल की नाही, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. पण रेघा बदलल्या, की आपलं घर आणि शाळा कुठे गेली, ते घरच्यांना बघायला सांगा. कोणी "नाव नाही" म्हटलं, तर परत फिरण्याआधी घरच्यांना पुन्हा विचारायला लावा. आणि तो रस्ता ओलांडताना मोठ्यांचा हात घट्ट धरा. रस्त्याची कुठली बाजू कोणाची, हे गाड्यांना कळत नाही.